चारचे नऊ

चौगुल्यांच्या पेढीवरचं घड्याळ
हळदीच्या पोत्यात गुंडाळून आलं.
चार वाजता नऊ टोल देत होतं.
भूपालअण्णा म्हणाले, "टोलाचं राहू दे. चालतं कर फक्त."

उघडलं.
चाकांच्या दातांत हळद,
वंगणात मुरून चिकट, काळी.
वखारभागातले किती हंगाम तिथं येऊन बसलेले.
ब्रश फिरवला तशी रॉकेलची बशी पिवळी झाली.

आतल्या पितळेवर खिळ्यानं कोरलेलं:
द. मा. तांबट. कमान बदलली. ५८.
खाली त्याच हातानं: परत. ६१.
हसलो. मग माझी कमान बघितली,
आणि गप्प बसलो.

पेटीच्या पाठीला, तळाशी,
चिकटवलेली एक चपटी काडेपेटी.
असला जुगाड मला खपत नाही.
खरवडून काढली.
टोलही लावून टाकले बरोबर,
आता सोडायचे कशाला?

माझ्या दुकानात आठ दिवस
मिनिटाचा फरक नाही.
पेढीवर टांगलं, तासाभरात बंद.
लंबक काचेला घासत होता.
ओळंबा सोडला:
भिंतच दोन बोटं पुढं झुकलेली.
"पुरानंतर," अण्णा म्हणाले.
कुठल्या, ते त्यांनाही सांगता येईना.

खाली पडलेली सौद्याची एक पट्टी उचलली,
आठ घड्या घालून
काडेपेटीच्या जागी खोचली.
चाललं.

चार वाजले. चार टोल पडले.
थप्पीवरचा नेमगोंडा मान वर न करता म्हणाला,
"चहाला अजून टाइम हाय."

अण्णा माझ्याकडं बघत राहिले.
मी परत शिडी लावली.