सांधा

पदक जाहीर झालं त्या दिवशी सेहेचाळीस अंश होतं.
विभागाच्या कूलरमध्ये पाणी घालायला माणूस नव्हता,
पेढे मात्र दुपारपर्यंत तीनदा आले.

सरांचं नाव, परदेशातल्या दोघांची नावं.
तिघांपुढे वाटणी होत नाही म्हणे, नियम आहे.
मी चौथी. किंवा सातवी.
मोजायचं मी केव्हाच सोडलं.

गोपीचंद निनावे मोजणीतच नव्हते.
आडनावच निनावे,
पाचपावलीतल्या कोष्ट्यांच्या घरांत असतं.
विभागात त्यावर विनोद व्हायचे, तेही हसायचे.
वडील मागावर बसले, हे बर्नरपुढे.
काच तापून मऊ झाली की
गाल फुगवून एक श्वास, बेताचा,
आणि नळीला पोट यायचं.

मग आम्ही पंप लावायचो.
दोन दिवस, तीन रात्री,
आतलं सगळं ओढून काढेपर्यंत.
त्यांचा श्वासही त्यातच गेला असणार.
पोकळी पुरती झाल्यावरच
वहीत पहिली ओळ.

गळती लागली की त्यांना बोलावणं.
स्पिरिटचा बोळा काचेवरून फिरवत ते बघत राहायचे
आतला जांभळा उजेड कुठे फिका पडतो.
सुईच्या टोकाएवढं छिद्र
त्यांना दिसायचं. मला नाही. सरांना तर
असो.

निबंध मीच टाइप केला.
शेवटी आभाराच्या चार ओळी होत्या.
संपादकांनी कळवलं, अर्धं पान कमी करा.
आकृती कापवेना, सूत्रं कापवेनात.
कोणी सांगितलं नव्हतं मला,
मीच खोडल्या.

काल पेपर घेऊन गेले त्यांच्याकडे.
चष्मा बनियनला पुसून त्यांनी फोटो पाहिला:
शाल, श्रीफळ, सरांच्या हातात ती नळी.
बातमी वाचलीच नाही.
सरांच्या अंगठ्याशेजारी बोट टेकवून म्हणाले,
"थो वरचा सांधा वाकडा गेला होता, मॅडम.
म्या म्हनलं होतं, पुन्हा करून देतो.
तुमालेच घाई होती."

हो म्हटलं.
घाई मलाच होती.

त्या चार ओळी मला अजून पाठ आहेत,
त्याच म्हणायला गेले होते.
चहा आला, सोबत खारे दाणे,
आणि ते विचारत राहिले,
पंप थोच हाये का अजून,
आवाज करते का.