बारावा रकाना

फाइल आली त्या दिवशी क्लायपेदात धुकं होतं,
बंदरातल्या क्रेन कमरेपर्यंतच उरल्या होत्या.
पाठवणाऱ्याचं नाव नाही.
एवढंच : क्लिनिक पैसे देत नाही. तुम्ही छापा.
लिथुआनियन भाषेत,
आणि षष्ठीच्या जागी द्वितीया.

नऊ हजार दोनशे सहा ओळी.
नाव, जन्मतारीख, पत्ता, गोळी, मात्रा,
आणि सगळ्यात शेवटी बारावा रकाना : इतर नोंदी.
माणूस दार लावून, आवाज उतरवून
एकदाच बोलतो ते,
डॉक्टरांनी घाईत टिपलेलं.

रिमगाउदास म्हणाला, आधी खात्री कर.
वीस वर्षं संपादक आहे, बरोबरच बोलतो.
खात्री म्हणजे फोन लावायचा.
म्हणायचं, अमुक दैनिकातून बोलतेय,
तुमचा जन्म एकाहत्तरचा ना? गल्ली तीच ना, गिरणीमागची?
आणि पलीकडे श्वास अडकतो
तो कागदावर बरोबरच्या खुणेनं मांडायचा.

चोरानं कुलूप एकदा फोडलं.
मी अकरा दारं वाजवली.

एका बसचालकानं विचारलं, किती हवेत?
त्याला वाटलं चोर मीच.
एक बाई म्हणाली, मुलाला कळू देऊ नका हं.
मुलाला धमकीची मेल आधीच गेली होती,
अडीअडचणीला म्हणून
तिनंच त्याचा पत्ता फॉर्मवर लिहिला होता.
हे मी तिला सांगितलं नाही.
का, ते अजून नीट ठरवता आलेलं नाही.

सातवा फोन. तिला ऑद्रोने म्हणू, नाव ते नाही.
मासळीबंदरात जाळी सांधते.
सगळ्याला हो म्हणाली, शांतपणे,
मग विचारलं, शेवटचा रकानाही वाचलात?
नाही, मी म्हणाले.
रेडिओचं?
मी गप्प.
वाचलंय तुम्ही, ती म्हणाली,
आणि फोन ठेवला नाही. 
बराच वेळ मला तिच्या सुतळीचा आवाज येत राहिला.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलंच असेल.
पैशांचा माग तीन देशांत हरवला,
सर्व्हर कुणाच्या तरी नावावर, तो माणूस मेलेला.
हाती राहिली ती विभक्ती.
पाच रात्री मी जुन्या जाहिराती चाळल्या
आणि सापडली : वापरलेले टायर, कौनास,
हमी देत नाही.
इथेही षष्ठी हवी होती, इथेही द्वितीया.

मान्तविदास. चोवीस वर्षांचा.
चौथ्या वर्षी आईबापांबरोबर डब्लिनला गेलेला,
एकटाच परत आलेला,
आजीशी बोलण्यापुरती भाषा घेऊन.

कोर्टात त्याच्या स्वेटरची एक बाही उसवलेली होती.
न्यायाधीशांनी विचारलं, या माणसांचा विचार आला नाही मनात?
तो गोंधळला.
मी काही वाचलंच नाही, म्हणाला,
मला तेवढी लिथुआनियन येत नाही.
मी फक्त ओळी मोजल्या.

कुणीतरी मागे हसलं.
मी वहीत लिहून घेतलं, शब्द न् शब्द,
आणि पेन तसंच धरून बसले.
वाचलं होतं ते मी.
पहिल्या ओळीपासून. रात्री. चहा घेत.
कामासाठी, हो.
पण चार-पाचशे ओळींनंतर
कामापुरतं वाचत नव्हते, हेही खरं.

मे महिन्यात पुरस्कार मिळाला. काचेचा, जड.
वकिलासमोर फाइल पुसली,
त्यानं सही घेतली, तारीख घातली,
आता तुमच्याकडे काही नाही ना, विचारलं.
नाही, मी म्हणाले.
दुसऱ्यांदा तोच शब्द.

आमच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर,
रात्री कुणाकडे तरी रेडिओ चालू असतो.
बातम्या संपलेल्या असतात,
नुसती खरखर.
कोण राहतं तिथे, मला ठाऊक नाही.
दारावर पाटी आहे.
मी तिथून खाली बघत
पायऱ्या मोजत जाते.