ळ

बडोद्यातल्या भाषणासाठी वाणिज्यदूतांना
एक वाक्य मराठीत हवं होतं:
'आपल्या दोन देशांत जुना जिव्हाळा आहे.'

तीन सकाळी त्यांची जीभ टाळूपर्यंत पोचेना.
जिव्हाला, म्हणत. जिव्हारा.
शेवटी खंडेराव मार्केटजवळून शेव-उसळ आणवली,
म्हटलं, आधी हिचं नाव नीट घ्या,
मग चमचा.
तिखटानं असेल, ळ सुटला.

सभागृहभर टाळ्या.
फोटोत मी अर्धी, फुलदाणीमागे.

पुढच्याच आठवड्यात भाचा आला, मिहीर,
त्यांच्याच कचेरीचं पत्र घेऊन.
व्हिसा नाही. तुम्ही शिकून परत जाल
याची आम्हाला खात्री वाटत नाही.

'मावशी, वाच ना मोठ्यानं.'
इंग्रजी सोपं होतं, कुठेच ळ नव्हता.
तरी अडखळले.