डबो खंय?

हिराजीमामा होड्या रंगवतात, वेंगुर्ल्याच्या बंदरावर.
निळ्याचे चार डबे दरवर्षी,
आणि दरवर्षी शिमग्यापर्यंत
तो निळा राखेसारखा.

म्हणून त्यांना माझी काचपट्टी दाखवली,
समुद्राच्या पाण्याच्या बाटलीत बुडवलेली.
वर नखाएवढा पापुद्रा, गडद निळा.
मामांनी खरवडून पाहिला. वास घेतला.
"ह्येचो डबो खंय?"

डबा नाही, मामा. यात रंगच नाही.
दोन स्वभावांचे धागे आहेत,
एकाला पाणी हवं, दुसऱ्याला नको,
आणि शेपटीला शेपटी बांधून टाकलेली.
तुझं माझं जमेना,
सोडून जायची सोय नाही.
मग रात्रभर, झाकणाखाली,
भावाभावांनी ओटी वाटून घ्यावी
तसे ते थर लावत बसतात:
एक याचा, एक त्याचा, पुन्हा याचा.
मी झाकण ठेवते आणि घरी जाऊन झोपते.
सकाळी उजेड थरांवर आपटून परततो,
त्यातला जो अंतरात नेमका बसतो
तेवढाच डोळ्यापर्यंत येतो.
बांगड्याची पाठ कुणी रंगवतं का?

"बांगडो तीन तासात काळो पडता," मामा म्हणाले.
खरं आहे. मी ते वहीत लिहून घेतलं.

मग गोड्या पाण्याचा थेंब टाकला.
धागे पाणी पिऊन फुगले, थर लांब सरकले,
निळा हिरवा झाला, पिवळा,
आणि तांब्यासारखा लाल.
"निळो पळालो!"
खारं पाणी टाकलं.
"इलो परत!"
सहा वेळा करायला लावलं त्यांनी मला.

सातव्या वेळी ते घरी गेले
आणि स्वतःच्या विहिरीचं पाणी घेऊन आले, तांब्याभर.

निळा हिरवा झाला.
आम्ही वाट पाहिली.
बर्फाच्या कारखान्याचा भोंगा वाजला.
हिरवाच.

मामी दिवाळीपासून सांगत होती, डाळ शिजत नाही.
मामा वाण्याला शिव्या घालत होते.
आजोबांनी खणलेली विहीर,
खाडीपासून चांगली दोनशे पावलं.

तांब्यातलं उरलेलं पाणी
त्यांनी माडाच्या आळ्यात ओतलं,
मग थबकले, उरलेल्या घोटाकडे पाहिलं.
"चल," म्हणाले, "शेजाऱ्याची बघूया."

गडग्यापर्यंत पोचेस्तोवर
हातातली पट्टी सुकून
नुसती काच झाली होती.