पांढऱ्यावर पांढरा

बॅटरी काखेत धरली आहे, अंडं उबवावं तशी.
उणे चौतीस.
रेनडिअरचं जुनं कातडं बर्फावर अंथरून
मी पालथी पडले आहे सकाळपासून,
म्हणजे इथे सकाळ जिला म्हणायची तिच्यापासून.
दोन महिन्यांनी सूर्य परवा उगवला,
उसने पैसे मागायला आल्यासारखा
उंबऱ्यापाशी घुटमळला
आणि दारातूनच परत गेला.

आज तासभर थांबेल म्हणतात.
तासाभरात निळं, मग जांभळं,
मग माशाच्या पोटासारखं गुलाबी,
मग पुन्हा निळं.
झाला दिवस.

समोर विलोच्या काटक्या.
काटक्यांत कुठेतरी रिएव्सात,
तित्तिराच्या कुळातला, हिवाळ्यात पांढरा होणारा,
पांढऱ्या बर्फावर, पांढऱ्या आभाळाखाली.
चोच काळी. शेपटीची कड काळी. डोळा काळा.
बाकीचा पक्षी आपण समजून घ्यायचा.

कॅमेऱ्याला ते समजत नाही.
त्याचा मीटर बिचारा मध्यममार्गी,
जग राखाडीच असणार या हिशेबाने चालतो.
बर्फ दाखवा, राख करतो.
डोमकावळा दाखवा, त्याचीही राखच.
म्हणून मी त्याचं ऐकत नाही, दोन स्टॉप वर ठेवते.
जरा जास्त झालं की पिसं जळून जातात,
कागदाला भोक पडावं तसा पक्षी.
जरा कमी झालं की तो मळका,
धुवायला टाकलेल्या कपड्यांत सापडल्यासारखा.
मधे केसाएवढी जागा,
आणि माझी बोटं मला लागत नाहीत.

बाप, योव्ना, याच काठावर फास लावायचा.
बर्चच्या डहाळ्यांचं गुडघाभर कुंपण,
मधे मधे फटी, फटीत पितळी तार.
हा पक्षी शक्यतो उडत नाही, चालत येतो,
सोपी वाट दिसली की मान घालतो.
दिवसाला वीस, कधी तीस.
त्यातून माझे बूट, माझी शाळा,
आणि खरं सांगायचं तर पहिली लेन्ससुद्धा.
आता काचबिंदूने त्याचे डोळे नेले.
निघताना म्हणाला, "रिस्तीन, पक्षी शोधू नकोस. डोळा शोध.
बर्फाला डोळा नसतो."

अकरा चाळीस. गुलाबी.
काटक्यांमागे एक काळा ठिपका, मिटला, उघडला.
ऑटोफोकस काटकीलाच चिकटून बसतो.
श्वास सोडला तर काचेवर बर्फ होईल,
म्हणून मी श्वास धरते, रिंग फिरवते हाताने,
ठिपका धारदार होत येतो, होत येतो,
आणि माझ्या कोपराजवळचा बर्फ फुटतो!
दुसराच कोणीतरी.
रात्रभर तिथे बर्फाखाली झोपला होता,
माझ्यापासून हातभर.

तीन फ्रेम.
एकीत काटकी.
एकीत अर्धी शेपटी.
तिसरीत काही नाही, त्याचं पांढरंशुभ्र काही नाही.
ठिपकाही गेलेला.
मग वळले तर तो खड्डा.
ऊन अगदी आडवं, संपत आलेलं.
तोच काढला, एकदा, बॅटरी मरायच्या आत.

रात्री स्वयंपाकघरात बाप म्हणतो, "वाचून दाखव."
मी वाचते.
ओंजळीएवढा खड्डा.
दोन्ही बाजूंना पंखांचे ठसे,
डावीकडे सहा पिसं, उजवीकडे पाच.
प्रत्येक पिसाच्या खोबणीत निळं साचलेलं.
"रक्त?"
नाही.
"पुढे पावलं?"
नाहीत.
"म्हणजे निसटला," तो म्हणतो,
फासातली रिकामी तार बघून म्हणायचा तसं,
पण या वेळी कॉफीचा घोट घेत, हसून.

मग जरा वेळाने, "उजेड किती होता?"

याला काय आकडा सांगू.
मी त्याचा हात धरून चुलीच्या दारासमोर नेते,
मग हळूहळू मागे घेते,
तळहातावरची ऊब पातळ होत जाते,
आणखी मागे, भिंतीपर्यंत,
जिथे आहे की नाही कळत नाही तिथपर्यंत.
"एवढा," मी म्हणते.
तो हात तिथेच धरून ठेवतो.