चिखलाची जागा

ट्रक दिसायच्या आधी ऐकू आला.
वळताना पुढचं डावं चाक
आतलं प्लास्टिक खरवडत होतं,
बंद दारावर मांजर नखं ओढतं तसं.

इडोया उतरली नाही, तिनं उडी मारली.
गुरांची डॉक्टर, उंची पाच फूट, हातात दंडाची पावती.
"काटा पासष्टवर होता, आईची शपथ!
हॅस्केल म्हणतो बाहत्तर."
म्हटलं, दोघंही खरं बोलताय.

एल्कोत सत्तावीस वर्षं टायर विकतोय मी.
कंपनीनं हा ट्रक साडेएकतीस इंची चाकांवर पाठवला होता.
आता खाली पस्तीस आहेत.
मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता गिळतं,
पण हे काट्याला कुणी कळवलेलं नाही.
तो बिचारा अजून जुन्याच फेऱ्या मोजतोय.

विनमक्काहून घेतला, ती म्हणाली, मालकाचं नाव विसरले.
मी बॅटरी घेऊन खाली सरकलो.
चार इंच उचललेला. बोल्टांना लाल रंग, एकेकाला, ब्रशनं.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
यानं आधी पाय पसरले,
मग मडगार्डची कड ग्राइंडरनं कापली
आणि कापलेल्या कडेवरून हळूच रंगही फिरवला.
खडकांवर चढायचं असणार त्याला.
ट्रकच्या पोटाखाली मात्र
एकसुद्धा ओरखडा नाही.

"सदतीस टाका," कोल्टर म्हणाला, "काय दिसेल!"
कोल्टर एकोणीस वर्षांचा आहे.
मी त्याच्या हातात झाडू दिला.

केवढे हवेत, हे मी विचारतच नाही.
विचारतो, रात्री दोन वाजता कुठे जातेस?
टस्करोराच्या पलीकडे, ती म्हणाली.
एप्रिलात बर्फ वितळतं, रस्त्याची खीर होते,
आडवं वासरू थांबत नाही कुणासाठी.
उन्हाळ्यात धारेचे दगड.
आणि बॅग अठरा किलोंची,
ती घेऊन दर वेळी या माडीवर चढायचं.

सपाट फरशीवर उभा करून मोजणारे पुष्कळ आहेत.
मी एक चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवतो,
स्टिअरिंग डावीकडे, थेट शेवटपर्यंत,
मग उजवीकडे, शेवटपर्यंत,
आणि खडू घेऊन आत डोकं घालतो.
उभ्या जागी सगळंच बसतं.
वळताना, एक पाय वर असताना
कुठे घासतं, ते बघायचं.

दोनशे पंच्याऐंशी, सत्तर, सतरा.
"कुलपाचा नंबर वाटतो," ती म्हणाली.
म्हटलं, तेहेतीस इंचांना जरासे कमी.
दहा पदरी घे, दगडांसाठी.
स्टेपनी खाली बसेल, मागच्या हौद्यात लोळणार नाही.
काटा अजूनही दोनानं खोटं बोलेल.
पासष्ट दाखवला की सदुसष्ट समज,
आणि हॅस्केलला माझा नमस्कार सांग.

बसवून झाल्यावर तिनं
चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये हात घातला.
पूर्ण पंजा आत गेला, वर मूठही वळली.
"एवढं रिकामं? धाकट्या भावानं
थोरल्याची विजार घातल्यासारखं दिसतंय."
दिसतं खरं. मी नाही म्हटलं नाही.
म्हटलं, चिखलालाही जागा लागते.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आली.
ती रिकामी जागा काठोकाठ भरलेली,
करडा चिखल, त्यात गवत, थोडं वाळलेलं तांबडं.
ते मी विचारलं नाही.
स्टिअरिंग डावीकडे, शेवटपर्यंत. उजवीकडे.
आवाज नाही.
ती समोरच्या सीटवर बसूनच झोपली
आणि कोल्टरनं पाइप लावला.
दोन बादल्या निघाल्या, त्यानं मोजल्या.

तिचे पस्तीस इंची त्यानंच पगारातून घेतले,
आतल्या कडेनं झिजलेले, चारही.
दुकानामागे ताडपत्रीखाली आहेत.
ट्रक अजून घ्यायचाय.