लांबचा नंबर

चष्मा हातात देताना इलियास म्हणाला,
ताई, डोळे चांगलेत तुमचे,
हातभराच्या पुढं तुम्ही बघितलंच नाही एकवीस वर्षं.
खरं होतं.
जिंतूरच्या कोर्टात, नकला विभागात
मी दुसऱ्यांची भांडणं उतरवून काढते.
पूर्वेस नाला, पश्चिमेस धुरा,
दक्षिणेस वादीच्या चुलत्याची बाभळ.
चतुःसीमा सगळ्या पाठ,
एकीवरही जाऊन उभी राहिलेली नाही.

रविवारी दुकान बंद ठेवून
तो चार-पाच गिऱ्हाइकं घेऊन येलदरीला जातो.
पैसे घेत नाही. धपाटे आणायला सांगतो,
आणि लसणाची चटणी वेगळ्या डब्यात,
मागच्या खेपेला दुर्बिणीला लागली होती म्हणे.

जानेवारी. सकाळचे सात.
धरणाचं पाणी मागं सरकलेलं,
सरकल्या जागी कुणी काकडी लावलेली, कुणी हरभरा,
आणि त्याच्या पुढं नुसता गाळ.
चप्पल रुतली, ओढली, पुन्हा रुतली.
शेवटी काढून हातात घेतली.
बोटांच्या फटींतून गाळ वर आला, गार, लोण्यासारखा,
आणि मला हसू फुटलं ते थांबेचना.
खताच्या दुकानातले शिरसाट माझ्याकडं बघत राहिले,
मग त्यांनीही बूट काढले.

'खालची ओळ वाचा,' इलियास सवयीनं म्हणाला.
खालची ओळ म्हणजे काठ.
शेकाटे होते, लाल काड्यांच्या पायांचे,
आणि पाण्यात उलटे दुसरे शेकाटे,
पायाला पाय जोडून.
त्याच्या वरच्या ओळीत चक्रवाक, जोडीजोडीनं,
काव लावून वाळत ठेवल्यासारखे.
सगळ्यात वर, पार पलीकडच्या तीराला
राखाडी काहीतरी.
दगड, मी म्हणाले.
दगड उडाले.

पट्टकादंब आमच्या डोक्यावरून गेले
नाकातून बोलत, एकमेकांना मागंपुढं करत,
तेव्हा शिरसाट टोपी काढून उभे होते.
हिमालय ओलांडून येतात, इलियास म्हणाला,
कशाला, तर कुणाचा तरी हरभरा खायला.
मी मनात नोंद घेतली:
उत्तरेस हिमालय.

धुराजीच्या होडीत तिघंच मावतात.
'मधात बसा, बाई. कडंला बसलं की रुसते ही.'
मासे रात्रीच काढून झालेले,
तळाशी थोडं पाणी, त्यात एक मरळ अजून तोंड उघडत होती.
मध्यावर त्यानं वल्हं आडवं ठेवलं,
माझ्या तोंडाकडं बघत म्हणाला,
'बघू का घालून जरा?'

दांडी त्याच्या कानावर बसेना.
लांब बघितलं, जवळ बघितलं, जाळ्याची गाठ बघितली,
मग नुसता पाण्याकडं बघत बसला.
तेवढा वेळ मला काही दिसत नव्हतं,
होडीच्या पोटाला पाणी चाटत होतं
ते तेवढं ऐकू येत होतं.
'एवढं खडबडीत असतंय व्हय हे?
मला आपलं सपाट वाटायचं.'

इलियासनं लगेच वही काढली.
बुधवारी दुकानात ये, फ्रेमचे पैसे नकोत.
'बुधवारी बाजार असतोय.'
'मग गुरुवारी.'
'गुरुवारचं बघू.
असं बघत बसल्यावर जाळं कवा टाकू?'
चष्मा त्यानं शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत दिला.

सोमवारी एक वाटणीचा दावा आला नकलायला,
अठ्ठेचाळीस पानं.
चौथ्या पानावर भिंगाच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं.
खवला. चिकटून बसलेला.
नख लावलं आणि मग राहू दिला.
'काय दिसायलंय बाहेर, बाई?' शिपायानं विचारलं.
सायकल स्टँड. कडुनिंब. झेरॉक्सचं दुकान.
त्याच्या वरची ओळ
अजून नीट लागत नाही.